दोघांनीच घर बांधायचंय? आधी मांगर बांधा

प्रश्न थोडक्यात असा आहे. नवरा-बायको, दोघंही चाळिशीच्या उंबरठ्यावर, पुण्यात नोकरीला. कुडाळ तालुक्यात बायकोच्या आजोळची सहा गुंठे जागा आहे. तिथे साडेसहाशे चौरस फुटांचं चिऱ्याचं (जांभ्या दगडाच्या ठोकळ्यांचं) कौलारू घर दोघांनी आपल्या हातांनी बांधायचं ठरवलंय. दसऱ्यापासून आठ महिन्यांची बिनपगारी रजा मिळणार आहे. तेवढ्यात घर होईल का, कोणती कामं स्वतः करावीत आणि कोणती दुसऱ्याला द्यावीत, वीट वाचवणारी रॅट-ट्रॅप पद्धत चिऱ्याला चालेल का, असं त्यांनी विचारलंय. शेवटचा प्रश्न बायकोचा एकटीचा आहे: "माझ्या हातात थापी बघून गावातले गवंडी काम सोडून तर जाणार नाहीत ना?"

मी सिव्हिल इंजिनियर आहे आणि वीस वर्षांहून जास्त काळ सिंधुदुर्गात लहान घरं बांधते आहे. त्याआधी आमचं स्वतःचं घर मी आणि माझ्या नवऱ्याने बांधलं. २००३ च्या दसऱ्याला पहिला टिकाव मारला आणि २००५ च्या मे महिन्यात कौलं चढली. खाली जे लिहिते आहे ते बरंचसं त्या दोन वर्षांत शिकलेलं आहे.

घर होईल, पण आठ महिन्यांच्या एका दमात करू नका. रजा तोडून घेता आली तर चार-चार महिन्यांचे दोन तुकडे करा आणि मध्ये एक अख्खा पावसाळा जाऊ द्या. पहिल्या हंगामात पाया, जोतं (घराचा चौथरा) आणि एक मांगर (छोटी खोपी). दुसऱ्या हंगामात भिंती आणि छप्पर.

कारण सांगते. जोत्याच्या आत मातीचा भराव असतो. तो कितीही धुम्मस मारून बसवला तरी कोकणातला एक पावसाळा त्याला जेवढा बसवतो तेवढा माणसाच्या हातून बसत नाही. आमच्याकडे जुनी माणसं म्हणायची की जोत्याने एक पावसाळा खाल्ला पाहिजे. ठेकेदाराला ते परवडत नाही, त्याला पुढचं काम गाठायचं असतं. म्हणून तो भराव टाकून महिन्याभरात फरशी बसवतो आणि दोन वर्षांनी स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात फरशीवर टिचकी मारली की पोकळ आवाज येतो. ठेकेदाराकडे माणसं आहेत, मशिनं आहेत, अनुभव आहे. तुमच्याकडे त्याच्यापेक्षा जास्त असलेली एकच गोष्ट म्हणजे वेळ. तोच घाईत घालवलात तर स्वतः बांधण्यातला मोठा फायदा हातचा गेला.

या पावसाळ्यात अजून काही बांधायचं नाहीये, तर निदान चार दिवस जागेवर जाऊन या. भर आषाढात जा, छत्री घेऊन हद्दीवर उभे राहा आणि पाणी कुठून येतंय, कुठे साठतंय, कुठून बाहेर पडतंय ते कागदावर काढा. आमच्या घराचे गवंडी सत्तरीचे होते, सगळे त्यांना आबा म्हणत. मी नकाशा उलगडून त्यांच्यासमोर धरला तेव्हा त्यांनी तो पाहिलाच नाही. म्हणाले, "आधी पाणी खय जाता ता बघ, मगे घर खय ता ठरव." आम्ही स्वयंपाकघर ज्या कोपऱ्यात काढलं होतं तिथूनच वरच्या भरडावरचं, म्हणजे उंचावरच्या मुरमाड जमिनीवरचं, सगळं पाणी उतरत होतं. ते श्रावणात डोळ्यांनी दिसलं. घर बारा फूट पुढे सरकवलं आणि मागे चर खणला. तो चर आजही दर वर्षी मे महिन्यात आम्ही साफ करतो.

जागा कातळावर किंवा भरडात असेल तर पाया सोपा जातो. मळ्याची म्हणजे भातखाचराची जमीन असेल तर मला आधी फोटो आणि दोन खड्ड्यांची खोली कळवा, तिथे सगळंच गणित बदलतं. कागदपत्रांबद्दल एवढंच की सातबारा, हद्दीची मोजणी, बिनशेतीची स्थिती आणि बांधकाम परवानगी हे सगळं दसऱ्याआधी हातात असू द्या. आजोळची जागा म्हणजे सहहिस्सेदार असू शकतात. फेरफार नोंद स्वतः वाचा, कोणाच्या तोंडी शब्दावर पाया खणू नका.

आता मांगराबद्दल. कोकणाबाहेरच्यांना सांगायला हवं, मांगर म्हणजे शेतावरची किंवा परसातली छोटी खोपी, अवजारं, गवत, लाकूड ठेवायची. तुम्ही दहा बाय बाराचा एक मांगर आधी बांधा. घराला जे वापरणार तेच सगळं त्यात वापरा: तोच चिरा, तोच माल, एक दार, एक खिडकी, वर तीच कौलं. पाचशे-साडेपाचशे चिऱ्यांत होतो. पहिला ओळंबा, पहिला कोपरा, पहिलं कौल बसवताना चुका होणारच. त्या मांगरात होऊ द्या. शिवाय घराचं काम सुरू झाल्यावर सिमेंट कुठे ठेवायचं, हत्यारं कुठे ठेवायची, पावसाच्या सरीत कुठे उभं राहायचं हा प्रश्न सुटतो. घर झाल्यावर त्याची न्हाणी करा, लाकडं ठेवा, पाहुण्यांची खोली करा. आमच्या मांगराच्या दक्षिणेच्या भिंतीला तिसऱ्या आणि सातव्या थरात सांध्यावर सांधा आला आहे. सांधेमोड पाळायची असते हे पुस्तकातून मला माहीत होतं, हाताला माहीत नव्हतं. घरात तो दोष एकदाही आला नाही.

मांगर बांधून झाल्यावर तुम्हाला आणखी एक गोष्ट कळेल, ती म्हणजे तुमच्या पाठीची ताकद. त्यासाठी थोडं गणित करू. आमच्याकडचा चिरा साधारण चौदा इंच लांब, नऊ इंच रुंद, सात इंच उंच असतो, खाणीनुसार थोडा फरक. वजन ३० किलोच्या आसपास, ओला असला की जास्त. बावीस बाय तीसचं घर, आत दोन-तीन आडभिंती, जोतं, दोन्ही बाजूंचे त्रिकोण धरले की अडीच ते पावणेतीन हजार चिरे लागतात. म्हणजे ऐंशी टनांच्या घरात वजन. आणि प्रत्येक चिरा किमान तीनदा उचलला जातो: गाडीतून खाली, ढिगातून भिंतीपाशी, तिथून भिंतीवर. दोन माणसांनी मिळून जवळपास अडीचशे टन. आम्ही दोघांनी मिळून पहिल्या दिवशी अकरा चिरे लावले होते. तिसऱ्या आठवड्यात दिवसाला तीस-पस्तीसवर आलो आणि तिथेच थांबलो. त्या वेळी आम्ही तिशीत होतो.

म्हणून माझा सल्ला असा: वाहतूक आणि उचल पूर्ण मजुरीने द्या. दोन मजूर रोजावर ठेवा. भिंती एका चांगल्या गवंड्याबरोबर बांधा. तो कोपरे चढवेल, तुम्ही दोघं सूत धरून मधले चिरे लावाल. घर तुमचंच आहे आणि तुमच्याच हाताचं आहे, एकट्याने ऐंशी टन उचलल्याने ते जास्त तुमचं होणार नाही. मणक्याची चकती सरकून अर्ध्यावर थांबलेली दोन घरं मी पाहिली आहेत. दोन्ही पुढे ठेकेदाराने पुरी केली.

चिरा खाणीवर स्वतः जाऊन निवडा, हे काम मात्र कोणावर सोपवू नका. चिरा ज्या जांभ्या दगडाचा असतो त्याला लॅटराइट हे नाव फ्रान्सिस ब्युकॅनन याने १८०७ मध्ये दिलं, लॅटिनमध्ये 'लेटर' म्हणजे वीट. खाणीतून काढताना हा दगड इतका मऊ असतो की तासता येतो, आणि हवेत राहिला की कडक होतो. म्हणून भिंतीच्या निदान दोन-तीन महिने आधी चिरा आणून जागेवर रचून ठेवा. दुसऱ्या हंगामाचा चिरा पहिल्या हंगामाच्या शेवटी आणलात तर फारच उत्तम. निवडताना लोखंडाच्या तुकड्याने ठोका. खणखणीत आवाज आला तर घ्या, बद्द आला तर बाजूला काढा. भोकं असणारच, ती जांभ्याची जात आहे, पण भोकांत पांढरट-पिवळी मऊ माती भरलेली दिसली तर तो चिरा बाहेरच्या भिंतीला लावू नका. दोन पावसाळ्यांत ती माती धुऊन जाते आणि भिंतीला पाझर लागतो.

रचलेल्या चिऱ्यांबद्दल आणखी एक, आणि हे हलक्यात घेऊ नका. त्या ढिगात फुरसं बसतं. सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कातळावर हा साप भरपूर आहे, मातीच्या रंगाचा, वीतभर-हातभर लांबीचा, आणि दिसत नाही. ढिगातला चिरा बोटं खाली घालून उचलायचा नाही. आधी पहारीने ढकलायचा, मग उचलायचा. जाड हातमोजे, घोट्याच्या वर येणारे बूट. सर्पदंशाची लस जवळच्या कोणत्या सरकारी रुग्णालयात असते ते काम सुरू करण्याआधी विचारून ठेवा आणि गाडीची चावी रोज एकाच खिळ्याला टांगा.

रॅट-ट्रॅपबद्दल. केरळात स्वस्त घरं बांधणारे वास्तुविशारद लॉरी बेकर यांच्या कामामुळे ही पद्धत बऱ्याच जणांना माहीत झाली आहे. विटा आडव्या न ठेवता कडेवर उभ्या लावायच्या, मध्ये पोकळी राहते, सुमारे पाव हिस्सा विटा वाचतात आणि भिंत उन्हाला कमी तापते. पण ती विटेची पद्धत आहे. चिऱ्याला लावू नका. चिरा मुळातच जाड आहे, त्याच्या नऊ इंची भिंतीला ना ती पोकळी लागते ना ती बचत मिळते. बेकर यांच्याकडून घ्यायचंच असेल तर दुसरं घ्या. आजूबाजूच्या पाच मैलांत मिळेल त्यानेच बांधावं हा गांधीजींचा विचार त्यांनी आयुष्यभर धरला. कुडाळात पाच मैलांत मिळतो तो चिराच. आणि त्याला बाहेरून गिलावा करू नका. दर्जा, म्हणजे चिऱ्यांमधले सांधे, नीट भरा, पुरे.

तुम्ही दोघांनी स्वतःकडे ठेवायची जी कामं आहेत त्यांत ताकद कमी आणि लक्ष जास्त लागतं. पहिलं, आखणी. काटकोन तीन-चार-पाचने काढा, पण सहा, आठ आणि दहा फूट घ्या, जितकं मोठं तितकी चूक कमी. मग चारही भिंतींच्या सुतांचे दोन्ही कर्ण मोजा. दोन कर्णांत अर्ध्या इंचाहून जास्त फरक असेल तर खुंट्या उपटा आणि पुन्हा करा. अर्धा दिवस जाईल, जाऊ द्या.

दुसरं, लेव्हल. दहा-बारा मीटरची पारदर्शक नळी आणा. यावर जरा थांबते, कारण आमचं घर इथेच बिघडता बिघडता राहिलं. जोत्याचा वरचा थर लावून झाला होता, दुसऱ्या दिवशी बंधाचं, म्हणजे भिंतींवरच्या काँक्रीटच्या पट्ट्याचं, शटरिंग लागणार होतं. चारही कोपरे आम्ही नळीने तपासले होते, वहीत लिहिले होते. संध्याकाळी आबा आले. त्यांनी काहीच न मोजता तांब्याभर पाणी थरावर ओतलं आणि वाकून बघत राहिले. पाणी दोन्हीकडे पसरायला हवं होतं. ते सरळ पश्चिमेच्या कोपऱ्याकडे निघालं. आम्ही नळी पुन्हा उचलली, उन्हाकडे धरली, तर मधोमध अर्ध्या बोटाएवढा हवेचा बुडबुडा. वीस मिलिमीटरचा फरक होता. तेव्हापासून माझी सवय अशी: नळी भरली की एक टोक उंच धरून पाणी दुसऱ्या टोकाने वाहून जाऊ द्यायचं, पूर्ण लांबी डोळ्यांखालून घालायची, दोन्ही टोकं शेजारी शेजारी धरून पाणी एका रेषेत येतंय ना बघायचं आणि मगच कोपऱ्यांवर जायचं. काम संपलं की पुन्हा पहिल्या कोपऱ्यावर येऊन मोजायचं. सुरुवातीचा आणि शेवटचा आकडा जुळला नाही तर मधले सगळे खोडायचे.

तिसरं, माल कालवणं. वाळू कोणती येते त्यावर डोळा ठेवा. खाडीची वाळू स्वस्तात मिळते, पण तिच्यात मीठ असतं आणि ते सळई खातं, तेव्हा काँक्रीटला ती नकोच. कोणतीही वाळू आली की काचेच्या बाटलीत निम्म्यापर्यंत भरा, वर पाणी आणि चिमूटभर मीठ, जोरात हलवा आणि तीन तास ठेवा. वर गाळाचा वेगळा थर बसतो. वाळूच्या उंचीच्या आठ टक्क्यांहून तो जास्त वाटला तर गाडी परत पाठवा किंवा वाळू धुऊन घ्या. चिऱ्याच्या भिंतीला एकास सहा (एक भाग सिमेंट, सहा भाग वाळू) माल पुरतो. काँक्रीटला पाणी मोजूनच घाला, ५० किलोच्या एका गोणीला २५ लिटरच्या आसपास, वाळू ओली असेल तर त्याहून कमी. तुमची बादली किती लिटरची आहे ते एकदा मापून तिच्यावर रंगाने रेघ मारा. मजुरांना पातळ माल आवडतो कारण तो ओढायला सोपा असतो. कालवायच्या जागी तुमच्यापैकी एकाने उभं राहणं म्हणजे घराला काही वर्षं जास्त देणं आहे. आणि ओल्या सिमेंटमध्ये उघडा हात घालू नका, कातडी सोलून निघते आणि ते रात्री कळतं.

चौथं, पाणी मारणं. चिरा लावण्याआधी भिजवा, नाहीतर तो मालातलं पाणी पिऊन टाकतो आणि सांधा भुसभुशीत राहतो. बंध, लिंटेल, स्लॅब यांना निदान दहा दिवस ओलं ठेवा, सकाळ-दुपार-संध्याकाळ, गोणपाट टाकून. एरवी पाणी मारायला कोणीतरी ठेवलेला असतो आणि तो रविवारी येत नाही. तुम्ही तिथेच राहणार आहात. नुसतं एवढं एक काम नीट केलंत तरी तुमचं काँक्रीट बहुतेक घरांपेक्षा मजबूत असेल.

भिंत एका दिवसात तीन फुटांहून जास्त चढवू नका. खालचा माल ओला असताना वरचं ओझं पडलं की ओळंबा सुटतो. आणि बंध कधीही गाळू नका. जोत्यावर एक, दारं-खिडक्यांवर सलग एक, आणि छपराखाली एक, घराभोवती पट्ट्यासारखे. गावात कोणी म्हणेल की आमच्या पणजोबांचं घर बिनबंधाचं दीडशे वर्षं उभं आहे. ११ डिसेंबर १९६७ ला कोयनेला आणि ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीला काय झालं ते त्यांना आठवू दे. किल्लारीत मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती सुटून आडव्या झाल्या आणि झोपेतली हजारो माणसं त्याखाली गेली. बंधातल्या सळयांचा व्यास आणि रिंगांचं अंतर तुमच्या घराच्या मापावरून इंजिनियरकडून लिहून घ्या, माझ्या किंवा कोणाच्या अंदाजाने घालू नका.

छपराची लाकडं किंवा लोखंडी सांगाडा सुताराकडून किंवा फॅब्रिकेटरकडून करून घ्या, कौलं मात्र तुम्ही चढवा. ताजं लाकूड घेऊ नका, ते छपरावर वाळतं आणि पिळतं. मोडलेल्या जुन्या घराचं ऐन, किंजळ, फणस मिळालं तर सोनं समजा. वाळवीसाठी काजूच्या टरफलांचं तेल लावतात, ते खरंच चालतं, पण हातावर पडलं तर फोड येतात. उतार तीस अंशांहून कमी नको. म्हणजे तुमच्या बावीस फुटी रुंदीला आढं भिंतीच्या डोक्यापासून सव्वासहा फूट तरी वर जाईल. पाखी चारही बाजूंना तीन फूट बाहेर काढा, चिऱ्याच्या उघड्या भिंतीचं खरं संरक्षण तेच. एवढ्या छपराला सोळाशे-सतराशे मंगलोरी कौलं लागतात, थोडी जास्तच आणून ठेवा. रिपांचं, म्हणजे कौलं ज्यांवर टेकतात त्या आडव्या पट्ट्यांचं, अंतर कोणाच्या सांगण्यावरून ठरवू नका. त्या गाडीत आलेलीच दोन कौलं एकमेकांत बसवा, नाकापासून नाकापर्यंत मोजा, त्या मापाची एक काठी कापा आणि तिने खालून वर रिपा मारत जा. कौलं दोन्ही पाख्यांवर बरोबरीने चढवायची, एका बाजूला सगळं ओझं टाकायचं नाही.

आणि छप्पर भिंतीला बांधा. वरच्या बंधात बोल्ट सोडून ठेवा आणि भिंतीवरचं लाकूड त्याला आवळा. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात रायगड-रत्नागिरीत आणि पुढच्या वर्षी मे महिन्यात तौक्तेच्या वेळी आमच्याकडे जी छपरं मी मागून पाहायला गेले, त्यांत नुसतं ओझ्यावर विसंबून ठेवलेली छपरं उचलली गेली होती. बोल्टने धरलेल्यांची कौलं उडाली, सांगाडा जागेवर राहिला. पाखीच्या शेवटच्या दोन ओळी तारेने बांधायला विसरू नका.

पूर्णपणे दुसऱ्याला द्यायची कामं तीन. बंधांचं स्टील आणि त्याची तपासणी. वीज, परवानाधारक वायरमनकडूनच, ३० मिलीअँपियरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) आणि चांगलं अर्थिंग आग्रहाने मागून घ्या, कातळात ते सहज लागत नाही. आणि आढ्यावरचं काम, जोवर वासे बसून पायाखाली आधार येत नाही तोवर. नळकाम, फरशी, दर्जा, रंग, लाकडाला तेल ही सगळी तुमची. शोषखड्डा विहिरीपासून निदान साठ फुटांवर आणि उताराच्या खालच्या अंगाला. जांभा चाळणीसारखा आहे, शेजाऱ्याची विहीरही मोजा.

किती पैसे वाचतील? माझ्या वह्यांत लहान घरांची मजुरी एकूण खर्चाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास येते. त्यातली निम्मी वाचली तर चांगलं झालं म्हणा. तुमचा दोघांचा आठ महिन्यांचा पगार त्याहून जास्त असेल. पैशांसाठी करत असाल तर करू नका. स्वतःचं घर कशावर उभं आहे हे चिऱ्या-चिऱ्याने माहीत असावं म्हणून करत असाल, तर यासारखं काम नाही.

आता दोघांबद्दल. मापं एकाच भाषेत बोला. गवंडी आणि सुतार इंच-सुतात बोलतात, आठ सूत म्हणजे एक इंच. नकाशा मिलिमीटरमध्ये असतो. माझ्या नवऱ्याने हॉलच्या खिडकीला नकाशाप्रमाणे १२०० मिलिमीटर जागा सोडली आणि मी सुताराला "चार फुटी चौकट" सांगितली. चार फूट म्हणजे १२१९. चौकट आली आणि सहा सुतांनी बसेना. उभ्या भिंतीत, लागलेल्या चिऱ्यांची कड आम्ही दोन दिवस छिन्नीने तासत होतो, एक शब्दही न बोलता. त्या रात्री ठरवलं: माप एकाने मोठ्याने सांगायचं, दुसऱ्याने तेच परत म्हणायचं, मग कापायचं. आणि प्रत्येक कामाचा एकच धनी. भिंती त्याच्या, छप्पर आणि पाणी माझं. मत दोघांनी द्यायचं, पण गवंड्यासमोर शेवटचा शब्द त्या कामाच्या धन्याचा. गवंड्याला दोन तोंडांतून दोन सूचना मिळाल्या की तो तिसरंच करतो, आणि त्यात त्याची चूक नसते.

ताई, आता तुमचा प्रश्न. बांधकामावर बायका नाहीत असं नाही. घमेली त्याच वाहतात, चिरे त्याच डोक्यावर नेतात, पाणी त्याच मारतात. थापी मात्र त्यांच्या हातात जात नाही. माझ्याकडे पदवी होती तरी पहिले पंधरा दिवस गवंडी मला उत्तर देताना माझ्या नवऱ्याकडे बघायचे. मी भांडले नाही. रोज सगळ्यांच्या आधी येऊन सूत बांधून ठेवायचे. एके सकाळी आबांनी माझं सूत बोटाने छेडून पाहिलं, ताण बरोबर होता. त्यांनी स्वतःची थापी, जिची मूठ त्यांच्या अंगठ्याच्या आकाराने झिजली होती, ती माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "हो थर तू लाव." बाकीचे गवंडी एक शब्द बोलले नाहीत. काम सोडून कोणी गेलं नाही. तुमच्याकडेही जाणार नाही, फक्त मजुरी ठरवताना आधीच सांगा की मधले चिरे मी लावणार आहे, नंतर कळलं की त्यांना आपल्यावर विश्वास नाही असं वाटतं. आणि तुमच्याबरोबर घमेली वाहणारी जी बाई असेल, तिला वाटलं तर तिलाही एक चिरा लावू द्या. माझ्याकडे आता गवंडीकाम करणाऱ्या दोघी आहेत, दोघींची सुरुवात अशीच झाली.

वेळापत्रकात शिमगा धरा. होळीच्या आधी आठवडाभर आणि नंतर आठवडाभर गवंडी मिळणार नाही, त्याला पैशाने थांबवायचा प्रयत्न करू नका. मे महिन्यात लग्नं आणि माणसांची टंचाई. म्हणून दुसऱ्या हंगामात भिंती मार्चअखेर आणि कौलं एप्रिलअखेर, असं धरूनच मागे मोजा. मृग ७ जूनच्या आसपास लागतो आणि त्याआधी वळवाच्या सरी येतात. एप्रिलच्या शेवटी छप्पर होणार नाही असं मार्चमध्येच दिसलं, तर तिथेच थांबा, भिंतींचे माथे प्लास्टिकने झाका आणि घर पुढच्या हंगामावर न्या. अर्धं छप्पर घेऊन पावसात शिरू नका.

तूर्त एवढंच करा: आषाढात जागेवर चार दिवस, मोजणीचा अर्ज, आणि पाऊस ओसरला की मांगरापुरता चिरा. मांगराचा पहिला थर लागला की चार कोपऱ्यांच्या लेव्हलचे आकडे आणि दोन्ही कर्ण मला पाठवा. ते बघून मगच घराच्या पायाची आखणी करू.